जंतूंना कॅन्सरची गाठ सापडते कशी?

प्रश्न : जनुकं बदललेले जिवाणू शरीरात सोडून कॅन्सरवर उपचार करतात, असं वाचलं. जंतू तर आजार देतात. त्यांना नेमकी गाठच कशी सापडते? आणि हा उपचार आपल्याकडे मिळतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : खरं तर त्यांना गाठ शोधावी लागत नाही, तिथे ते तगतात, एवढंच. रक्तातून गेलेले जिवाणू शरीरभर फिरतात, पण निरोगी अवयवांत आपल्या संरक्षक पेशी त्यांचा फडशा पाडतात. गाठीच्या आत मामला वेगळा असतो. गाठ इतक्या घाईने वाढते की रक्तवाहिन्या तिला पुऱ्या पडत नाहीत. आतला भाग ऑक्सिजनविना राहतो, तिथल्या पेशी मरतात आणि संरक्षक पेशींचं बळही तिथे तोकडं पडतं. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूला आणखी काय हवं? केमोथेरपीचं औषध रक्तातूनच येतं, त्यामुळे त्याला हाच भाग गाठणं जड जातं. शास्त्रज्ञांना जंतूंचा मोह पडला तो यासाठी.

हा मोह जुना आहे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी 1891 पासून कॅन्सरच्या रुग्णांना मुद्दाम स्ट्रेप्टोकोकस जंतू टोचले. काहींच्या गाठी विरल्या, काही रुग्ण त्या संसर्गानेच दगावले. पुढे कोली मारलेले जंतू वापरू लागले.

आता जंतूला आवर घालायला जनुकं हाताशी आहेत. ई. कोलाय निसल 1917 हा वाण घ्या. पहिल्या महायुद्धात आजूबाजूचे सैनिक हगवणीने बेजार असताना एक जर्मन सैनिक ठणठणीत राहिला. डॉक्टर आल्फ्रेड निसल यांनी त्याच्याच विष्ठेतून हा वाण वेगळा केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टाल डॅनिनो यांच्या गटाने त्यात असा बदल केला, की प्रत्येक जिवाणू एक रासायनिक इशारा सोडतो. दाटी वाढली की इशाराही वाढतो, आणि ठरावीक पातळी ओलांडली की बहुतेक जिवाणू एकदम फुटतात. फुटताना आतलं औषध गाठीतच सांडतं. वाचलेले मोजके पुन्हा वाढतात, पुन्हा फुटतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ई. कोलायवरच्या अशाच एका प्रयोगात हे औषध म्हणजे कॅन्सरपेशीचं ‘मला खाऊ नका’ हे संरक्षण झाकणारं एक छोटं प्रथिन होतं. उंदरांमध्ये टोचलेली गाठ तर आटलीच, न टोचलेल्या गाठींची वाढही मंदावली.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. साल्मोनेला या जंतूची दोन जनुकं काढून व्हीएनपी 20009 हा सौम्य वाण तयार केला होता. उंदरांत त्याने कमाल केली. 2002 मध्ये माणसांवरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष आले : 25 रुग्णांपैकी एकाचीही गाठ लहान झाली नाही, आणि गाठीत जंतू सापडले ते फक्त तिघांच्या. जंतू दुबळा केला की गाठीत टिकत नाही, बळकट ठेवला की रुग्णाच्या जिवावर उठतो. माझ्या मते सगळं घोडं अडलंय ते इथे. प्रयोगशाळेतली करामत नंतरची गोष्ट.

आता तुमचा दुसरा प्रश्न. जनुकं बदललेल्या जिवाणूंचा उपचार अजून चाचण्यांतच आहे. कॅन्सरवर रुग्णालयात रोज वापरला जाणारा जिवंत जंतू एकच, आणि तो तुमच्या ओळखीचा आहे : बाळाला क्षयाविरुद्ध टोचतात ती बीसीजी. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरत्या कॅन्सरवर ती उपयोगी पडते, हे कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी 1976 साली दाखवलं. नळीवाटे औषध मूत्राशयात सोडतात, रुग्णाने ते साधारण दोन तास धरून ठेवायचं. सुरुवातीला आठवड्यातून एकदा असं सहा आठवडे. हा जंतू जनुकं कापून नव्हे, तर 13 वर्षं पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केलेला आहे. या उपचाराची बीसीजी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही बनवते.

तेव्हा ‘कॅन्सर मारणारे जिवाणू’ म्हणून कुणी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल विकू लागला, तर पैसे घालवू नका. आणि कुणी चाचणीत नाव घालायला सांगितलं, तर आधी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागा. ही नोंद संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते.