तान्ह्या पोळ्यासाठी मातीचा बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुराकडे मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात व बोजारा मिळवितात; हाच तान्हा पोळा होय. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी तो १८०६ साली सुरू केला, असे सांगतात. परंतु लाकडी बैल विकत घेणे प्रत्येक घरास साधत नाही, आणि त्यासाठी उसने काढणे बरे नव्हे. याकरिता आम्ही मातीच्या बैलाची सोपी रीत देतो.

चिकण माती चाळून भिजवावी व तीत थोडा पिंजलेला कापूस घालून चांगली मळावी. कापसामुळे माती धरून राहते. प्रथम धड करावे. पाय, शिंगे व वशिंड जोडताना दोन्ही बाजू काडीने खरवडून पातळ चिखल लावावा, नाहीतर सुकताना सांधा सुटतो. पाय आखूड व जाड असावे. बैल चार-पाच दिवस सावलीत सुकवावा. उन्हात वरचा थर आधी आटतो व तडे जातात. मग वडील माणसांनी अंगास चुना व शिंगांस गेरू द्यावा. बैल भाजलेला नसल्यामुळे पाण्यापासून जपावा.

घडविण्याचे काम मात्र मुलांकडेच असावे. एक बैल अधिक करून, ज्या शेजाऱ्याच्या मुलाजवळ नाही त्यास त्यांच्याच हातून देववावा. त्या देण्याचे समाधान बोजाऱ्याच्या पैशाहून अधिक टिकते.