एकाच नावाची दोन कार्डे

वर्गात एकाच नावाची दोन मुले असली की हजेरी घेताना आम्हाला आडनावासकट हाक मारावी लागते. संगणकाच्या बाजारात मात्र दोन निरनिराळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या गेल्या आहेत. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणगीतून संगणक कक्षासाठी दोन ग्राफिक्स कार्डे घ्यायची ठरली, तेव्हा हे आमच्या लक्षात आले. दोन दुकानांची दरपत्रके हाती होती. दोन्हींवर मजकूर एकच : 'जीफोर्स जीटी १०३०, २ जीबी'. एक दर दुसऱ्यापेक्षा बराच कमी. विश्वस्तांनी विचारले, "वस्तू तीच असेल तर स्वस्त का घेऊ नये?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर आम्हाला जागच्या जागी देता आले नाही. ते शोधताना जे कळले ते येथे देत आहोत, कारण घरी संगणक घेणाऱ्या किंवा जुने कार्ड विकत घेणाऱ्या पालकांपुढेही हाच प्रश्न येतो.

ग्राफिक्स कार्डाचे काम चित्र तयार करण्याचे. तुमच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. खेळ चालू असताना यातील प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला अनेक वेळा नव्याने ठरवावा लागतो. अशा एका पूर्ण चित्राला फ्रेम म्हणतात. रंग ठरवण्याचे गणित कार्डावरील चिप करते. पण भिंतीची वीट, झाडाचे पान, आकाश यांची चित्रे कार्डाच्या स्मृतीत ठेवलेली असतात आणि ती तेथून सतत आणावी लागतात. म्हणजे चिपचा वेग आणि स्मृतीतून माहिती येण्याचा वेग, दोन्ही पाहायला हवेत.

एन्व्हिडिया कंपनीने जीटी १०३० हे कार्ड मे २०१७ मध्ये आणले. त्यावर जीडीडीआर५ प्रकारची स्मृती होती. मार्च २०१८ च्या सुमारास त्याच नावाचे दुसरे कार्ड आले, त्यावर डीडीआर४ स्मृती. दोन्हींत गणित करणारे घटक ३८४. दोन्हींची स्मृती २ गिगाबाइट. चिपचा कमाल वेग पहिल्यात १४६८ मेगाहर्ट्झ, दुसऱ्यात १३७९. म्हणजे फरक शेकडा ६ च्या आसपास. येथवर वाचणाऱ्याला विश्वस्तांचेच म्हणणे पटेल.

आता पाटी-पेन्सिल घ्या. दोन्ही कार्डांत चिप आणि स्मृती यांच्यामध्ये ६४ बिटांची वाट आहे, म्हणजे एका वेळी ६४ बिट जाऊ शकतात. पहिल्या कार्डात प्रत्येक मार्गिकेवरून सेकंदाला ६ गिगाबिट जातात. ६४ गुणिले ६ म्हणजे ३८४ गिगाबिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ४८ गिगाबाइट. दुसऱ्या कार्डात हा वेग २.१ गिगाबिट आहे. ६४ गुणिले २.१ म्हणजे १३४.४, त्याला ८ ने भागले की १६.८ गिगाबाइट. ४८ कुठे आणि १६.८ कुठे! जवळजवळ एक तृतीयांश. टाकी दोन्ही घरांत सारख्याच मापाची, पण एका घराचा नळ बारीक आहे. दरपत्रकात टाकीचे माप लिहिले होते, नळाचे नव्हते.

मग स्वस्त कार्ड खेळात एक तृतीयांशच चित्रे देते काय? तसे नाही. २०१८ मध्ये परीक्षकांनी ही दोन कार्डे शेजारी शेजारी तपासली, तेव्हा अनेक खेळांत स्वस्त कार्डाच्या फ्रेम महाग कार्डाच्या निम्म्याच्या आसपास भरल्या. असे का, याचा विचार नववी-दहावीच्या मुलांनी स्वतः करून पाहावा. प्रत्येक फ्रेमचा काही वेळ गणितात जातो आणि काही माहितीची वाट पाहण्यात. गणित दोघेही जवळपास सारख्याच वेगाने करतात, खोळंबा होतो तो वाट पाहण्यात. म्हणून उत्तर दोन टोकांच्या मधे येते, आणि खेळ बदलला की तेही बदलते.

मोजताना चुका कशा होतात हे सांगणे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. दोन कार्डे दोन वेगळ्या संगणकांत बसवून केलेली तुलना फुकट जाते. संगणक तोच, ड्रायव्हरची आवृत्ती तीच, खेळातील जागा तीच, चित्राची प्रत तीच हवी. तीनदा मोजावे आणि मधला आकडा घ्यावा. 'व्ही-सिंक' बंद ठेवायला विसरू नये. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलत असेल तर ती सोय चालू असताना कार्ड कितीही जलद असले तरी आकडा ६० च्या वर जात नाही, आणि दोन जलद कार्डे उगाच सारखी दिसतात.

दुसरी अडचण मुख्य प्रोसेसरची. घरी पोळ्या होताना एक जण लाटतो आणि दुसरा भाजतो. लाटणाऱ्याचा हात सावकाश असेल तर तवा कितीही मोठा आणा, पोळ्या तितक्याच होणार. जुन्या संगणकात लाटणारा प्रोसेसरच मंद असतो, म्हणून तेथे चांगल्या कार्डाचा गुण दिसतोच असे नाही. ठिपक्यांची संख्या १२८० गुणिले ७२० वर आणली की कार्डाचे काम निम्म्याहून कमी होते आणि फरक आणखी झाकला जातो.

सरासरीनेही फसगत होते. समजा, एका सेकंदात पहिल्या अर्ध्या भागात ५९ फ्रेम आल्या आणि शेवटची एक फ्रेम यायला उरलेला अर्धा सेकंद लागला. सरासरी ६० भरेल, आणि पाहणाऱ्याला मात्र ठसका लागल्यासारखे वाटेल. म्हणून जाणकार सरासरीबरोबर सर्वांत सावकाश आलेल्या फ्रेमचा वेळही नोंदवतात.

स्वस्त कार्ड टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. मराठी टंकलेखन, तक्ते, भूमितीची साधी आकृती, चित्रफीत पाहणे यांत दोघांतला फरक सहसा जाणवत नाही. त्याला वीजही कमी लागते : २० वॅट, महाग कार्डाला ३०. आमची तक्रार नावाविषयी आहे. कंपनीने वेगळा क्रमांक दिला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. आता ग्राहकानेच खोक्यावर स्मृतीचा प्रकार वाचायचा. जुने कार्ड असेल तर ते संगणकात बसवून 'जीपीयू-झेड' हा मोफत प्रोग्राम चालवायचा; स्मृतीचा प्रकार आणि तिचा वेग दोन्ही त्यात दिसतात.

दहावीची मुले त्रिमितीय आकृत्या करणार होती, म्हणून आम्ही विश्वस्तांपुढे वरचा गुणाकार मांडला आणि महाग कार्डाला मंजुरी मिळाली. दरपत्रकावर 'जीडीडीआर५' हा शब्द दुकानदाराकडून हाताने लिहून घेतला. कार्डे आली, बसवायला घेतली, आणि पडद्याची निळी व्हीजीए पिन कुठे बसेना. या चिपमधून व्हीजीएचा संकेत मुळी निघतच नाही; कार्डावर एचडीएमआय आणि डीव्हीआय एवढ्याच जागा. हे कोणत्याही दरपत्रकात नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. दोन परिवर्तक वेगळे आणावे लागले आणि त्यांची पावती पुढच्या सभेत ठेवावी लागली.