पडद्यावरची मांडणी : कारागिरांसाठी नवा हुन्नर

उर्दू छपाईच्या धंद्यात कातिबांचे काय झाले, हे आपल्यापैकी अनेक घरांना ठाऊक आहे. १९८१ मध्ये नूरी नस्तालिक हा संगणकी टाइप आला, १९९४ मध्ये 'इनपेज' हे सॉफ्टवेअर आले, आणि हाताने मजकूर उतरवून देणाऱ्या कातिबांची रोजी पाहता पाहता गेली. पुढे फ्लेक्सने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचे काम हिरावले. दोन्ही वेळा कला जुनी झाली नव्हती, हत्यार बदलले होते. ज्याने नवे हत्यार हाती धरले, त्याच्याकडे काम गेले.

आज अक्षरे आणि चौकटी मांडण्याचे मोठे काम मोबाईलच्या पडद्यावर चालते. त्यातले एक हत्यार आज आपण समजून घेऊ. त्याचे नाव 'गोडो'. हे एक गेम इंजिन आहे.

गेम इंजिन म्हणजे काय?

सुताराच्या बाकावर रंधा, करवत, शिकंजा अगोदरच ठेवलेले असतात. तो फक्त लाकूड आणि डोके घेऊन येतो. गेम इंजिन तसेच आहे. चित्र काढणे, आवाज वाजवणे, बोटाचा स्पर्श ओळखणे ही कामे त्यात तयार मिळतात. खेळणाऱ्याला मात्र सर्वांत आधी दिसतो तो मेनू, मग सेटिंगचे पान, गुणांची पट्टी. या सगळ्याला यूजर इंटरफेस म्हणतात. आपण त्याला 'मांडणी' म्हणू.

गोडो हे हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या अर्जेंटिनाच्या दोघांनी सुरू केले आणि २०१४ मध्ये त्याचा मूळ कोड सर्वांना खुला झाला. खुद्द गोडोची खिडकी, म्हणजे ज्यात आपण काम करतो ते पान, त्याच मांडणीच्या साधनांनी बनवलेली आहे. म्हणून ही साधने कामात मुरलेली आहेत.

पाच गोष्टी शिका

पहिली, पेट्या. नवशिका प्रत्येक बटण हाताने सरकवून जागेवर बसवतो. त्याच्या मोबाईलवर ते छान दिसते, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर अर्धे बाहेर जाते. यावर उपाय म्हणजे 'कंटेनर', म्हणजे पेटी. उभ्या पेटीत टाकलेली बटणे एकाखाली एक बसतात, आडव्या पेटीत शेजारी शेजारी, जाळीच्या पेटीत रकान्यांत. कडेला मोकळी जागा सोडणारी पेटीही आहे. पडदा मोठा झाला तर कोणत्या वस्तूने पसरायचे आणि कोणी आपल्या मापात राहायचे, हे प्रत्येक वस्तूला सांगून ठेवता येते.

दुसरी, खुंट्या. यांना 'अँकर' म्हणतात. पडद्याची डावी व वरची कड म्हणजे ०, उजवी व खालची कड म्हणजे १. बटणाच्या चारही खुंट्या १ वर ठोकल्या की पडदा कितीही लांबरुंद असो, ते बटण उजव्या खालच्या कोपऱ्याला धरून राहते. मात्र एक ध्यानात ठेवा : पेटीच्या आत खुंट्या चालत नाहीत, तिथे पेटीचाच हुकूम चालतो. नवशिके इथेच तासन्‌तास अडकतात.

तिसरी, थीम. शिंपी एकदा फर्मा कापतो आणि त्यावरून शंभर सदरे बेततो. थीम हा तसा फर्मा आहे. बटणाचा रंग, कोपऱ्याची गोलाई, अक्षराचा आकार एकदा ठरवला की सर्व पानांना तोच लागू होतो. गिऱ्हाईक उद्या 'हिरवा नको, निळा करा' म्हणाले तर एकाच जागी बदल करावा लागतो. थीम न वापरता केलेल्या कामात तोच बदल दोन दिवस खातो आणि नफाही खातो.

चौथी, सिग्नल. बटण दाबले की ते 'मी दाबले गेलो' असा इशारा देते. हा इशारा कुणी ऐकायचा आणि काय करायचे, हे आपण जोडून देतो. मांडणी एका बाजूला व हिशोब दुसऱ्या बाजूला राहतो. त्यामुळे दोन कारागीर एकाच कामावर बसू शकतात.

पाचवी, भाषा. आपल्यासाठी ही सर्वांत महत्त्वाची. गोडोच्या तिसऱ्या पिढीपर्यंत देवनागरीची जोडाक्षरे तुटत, 'कि'ची वेलांटी चुकीच्या बाजूला पडे आणि उर्दूची अक्षरे सुटी सुटी दिसत. १ मार्च २०२३ रोजी आलेल्या ४.० आवृत्तीत अक्षरे जुळवणारी यंत्रणा नव्याने बसवली गेली. आता मराठी नीट जुळते, उर्दू उजवीकडून वाहते, आणि भाषा उर्दू केली की आडव्या पेटीतील बटणांचा क्रमही आपोआप उलटतो. वाक्यांचे तक्ते एका साध्या फाइलमध्ये भरले की एकच खेळ तीन भाषांत चालतो.

इथे कातिबाची नजर उपयोगी पडते. नस्तालिक लिपी वरून खाली उतरत जाते, तिला ओळीची उंची जास्त लागते. इंग्रजीच्या मापाने बांधलेल्या बटणात ती वर किंवा खाली कापली जाते. म्हणून बटणाची उंची ठरवून टाकू नये, ती पेटीवर सोडावी. 'नोटो नस्तालिक उर्दू' आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' हे दोन्ही फाँट खुल्या परवान्याचे आहेत, धंद्याच्या कामातही विनामूल्य वापरता येतात.

परवाना आणि पैसा

गोडोला एम. आय. टी. परवाना आहे. विकत घ्यावे लागत नाही, कमाईत हिस्सा द्यावा लागत नाही. अट एवढीच की तयार वस्तूबरोबर परवान्याचा मजकूर ठेवावा. हे क्षुल्लक समजू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या मोठ्या इंजिनाच्या कंपनीने ठरावीक मर्यादेपुढे गेलेल्या खेळांवर, दर नव्या इन्स्टॉलमागे आकार लावण्याचे जाहीर केले. जगभरचे कारागीर संतापले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो आकार मागे घेतला गेला. दुसऱ्याच्या भाड्याच्या हत्यारावर धंदा उभा केला की भाड्याचा दरही दुसराच ठरवतो, हा यातला धडा.

कुठे वापरू नये?

सरळ बिलाचा किंवा उधारीच्या वहीचा कार्यक्रम हवा असेल तर गेम इंजिन घेऊ नये. ते एरवी पडदा सतत नव्याने रंगवत राहते, त्यात बॅटरी जाते. गरजेपुरताच पडदा रंगवण्याची सोय गोडोत आहे, ती चालू करता येते. तरी नुसत्या आकडेमोडीला साधी साधनेच बरी. मुलांचे शिकण्याचे खेळ, फर्निचर फिरवून दाखवणारा नमुना, प्रदर्शनातील स्पर्शाचा पडदा, अशा कामी हे हत्यार शोभते.

काम देणाऱ्यांसाठी

जे व्यापारी असे काम करवून घेतात त्यांनी पैसे चुकते करण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. मोबाईल आडवा करून पाहावा. एक लहान, एक मोठा अशा दोन पडद्यांवर पाहावे. भाषा मराठीवरून उर्दूवर न्यावी आणि कुठे शब्द कापला जातो का ते बघावे. आणि मूळ प्रकल्पाची संपूर्ण फाइल आपल्या ताब्यात घ्यावी. फक्त तयार ॲप घेतले तर उद्याच्या छोट्या दुरुस्तीलाही त्याच माणसाचे दार ठोठवावे लागते. हे सर्व आधीच कागदावर लिहून घेतले तर दोघांचेही मन साफ राहते.

शिकू इच्छिणाऱ्या तरुणांनी पहिल्या आठवड्यात खेळ बनवू नये. फक्त एक मेनू बनवावा : तीन बटणे, दोन भाषा, एक थीम. तो चार वेगवेगळ्या मोबाईलवर न मोडता उभा राहिला, तर तोच आपला नमुना. घरात एखादे जुने कातिब किंवा पेंटर असतील तर तो त्यांना जरूर दाखवावा. अक्षर कुठे गुदमरते आणि कुठे मोकळे बसते, हे संगणक सांगत नाही, ते सांगतात.