रिकामा नळ आणि सार्वजनिक आरोग्य

आमच्या गल्लीत दिवसांचे दोनच प्रकार आहेत : पाण्याचा दिवस आणि बिनपाण्याचे दिवस. पाण्याच्या दिवशी पहिल्या तासाला मी हजर नसते, हे आमच्या भूगोलाच्या सरांना आता ठाऊक झाले आहे. पाण्याच्या टंचाईविषयी आपण पुष्कळ बोलतो; परंतु टंचाई आणि आजार यांचा नेमका संबंध काय, याचा विचार मी दोन वर्षांपूर्वी प्रथम केला. त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली आणि त्याचे वर्ष वाया गेले. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

आपल्या शहराला पाण्याचा फार जुना वारसा आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली आणि पुढे डोंगरातील भूगर्भातले झरे अडवून नहर-ए-अंबरी शहरात आणली. हे पाणी जमिनीच्या उतारानेच वाहत येई. पाणचक्कीचे जातेही अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरले. आज शहराची तहान भागते ती पैठणच्या नाथसागरातून. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले; परंतु धरणाच्या पातळीपेक्षा शहर शंभराहून अधिक मीटर उंचावर आहे. साहजिकच प्रत्येक थेंब विजेच्या बळावर वर चढवावा लागतो. वाढती वस्ती आणि अपुऱ्या वाहिन्या यांमुळे गेल्या दशकात अनेक वसाहतींना चार-पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तर त्याहूनही उशिरा पाणी मिळाले.

वास्तविक धोका आहे तो या मधल्या दिवसांत. नळात पाणी दाबाने भरलेले असते तेव्हा वाहिनीला चीर असली तर पाणी बाहेर गळते; बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. वाहिनी रिकामी झाली की नेमके उलट घडते. शेजारून गटार किंवा मलवाहिनी जात असेल, तर तिच्यातले झिरपलेले पाणी त्याच चिरेतून आत शिरते आणि पुढच्या वेळी आपल्या हंड्यात येते. त्यात कुणी नळाला थेट टिल्लू पंप जोडला, तर ऐन पाण्याच्या वेळीही वाहिनीत ओढ निर्माण होते. स्वतःची टाकी लवकर भरणारा शेजारी अशा रीतीने साऱ्या गल्लीच्या पाण्यात नकळत गटार ओढून घेत असतो.

अशा पाण्यातून गॅस्ट्रो, विषमज्वर आणि कावीळ पसरते. काविळीच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. रोगाचे विषाणू शरीरात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत साधारणतः दोन ते सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. तोवर ते पाणी संपलेले असते आणि दोष बाहेरच्या खाण्यावर जातो. आम्हीही भावाच्या पाणीपुरीलाच दोष दिला होता! दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची मोठी साथ आली; सुमारे २९ हजार लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन घातले जात होते, तरीही हे घडले. म्हणजे पाणी शुद्ध करणे जितके आवश्यक, तितकेच त्यात घाण मिसळू न देणे आवश्यक आहे.

दुसरे संकट घरातच वाढते. पाणी रोज येत नाही म्हणून आपण पिंप, रांजण, हौद भरून ठेवतो. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाला असेच स्वच्छ, साठलेले पाणी हवे असते. अंड्यापासून डास होण्यास त्याला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, असे आरोग्य खाते सांगते. सल्ला योग्यच आहे. पण पुढचे पाणी कधी येईल याची खात्री नसताना भरलेले पिंप ओतून देण्याचे धैर्य कोणत्या गृहिणीला होईल? शिवाय पाणी पुरवून वापरायचे ठरले की पहिली काटछाट होते ती हात धुण्यावर.

यावर आमच्या घरी आम्ही एक वाट काढली. पाण्याच्या दिवशी, नळ येण्याआधी, उरलेले पाणी झाडांना आणि संडासाला वापरून पिंप रिकामे करायचे आणि आतून काथ्याने घासायचे. कारण डासाची अंडी कडेला चिकटतात, नुसते पाणी ओतल्याने ती जात नाहीत. आजी पूर्वीपासून नळाच्या पहिल्या दोन-तीन बादल्या पिण्याला घेत नसे. तिला आम्ही हसत असू. आता कळते की वाहिनीतली घाण त्या पहिल्या पाण्यातच अधिक असते. पिण्याचे पाणी आम्ही चांगली उकळी आणून झाकून ठेवतो आणि ओगराळ्याने काढतो. पाण्यात हात बुडविण्यास घरात सर्वांनाच बंदी आहे!

अर्थात घरोघरच्या या उपायांनी मूळ प्रश्न सुटत नाही. उकळण्याला इंधन लागते, झाकणाच्या टाकीला पैसा लागतो. ज्यांच्याकडे दोन्ही नाही, त्यांच्याच मुलांना आजार आधी गाठतो. डिसेंबर २०२० मध्ये शहराच्या नव्या मोठ्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले. अशा योजनेकडे आपण 'जास्त पाणी' एवढ्याच दृष्टीने पाहतो. माझ्या मते तिची खरी कसोटी गल्लीतली वाहिनी सदैव भरलेली राहते की नाही, ही आहे. नागरिक म्हणून आपण मागणी करायची तर तीच केली पाहिजे आणि ती करण्यापूर्वी आपापला टिल्लू पंप काढून ठेवला पाहिजे.

भाऊ आता बरा आहे. यंदा तो पुन्हा त्याच वर्गात बसतो आणि पाण्याच्या दिवशी पिंप घासण्याचे काम त्याने आपणहून स्वतःकडे घेतले आहे.