शाळेच्या दुर्बिणीसाठी नेत्रिकांची निवड

लोकवर्गणीतून अथवा शिक्षकांच्या पदरमोडीतून एखाद्या शाळेत लहान दुर्बीण येते. पहिल्या रात्री मुले व पालक उत्सुकतेने पटांगणात जमतात. शिक्षक पेटीतील सर्वांत मोठे वर्धन देणारी नेत्रिका लावतात, आणि मुलांस शनीच्या जागी थरथरणारा अंधुक ठिपका दिसतो. पुढे दुर्बीण कपाटात जाते ती तेथेच राहते. हा दोष बहुधा दुर्बिणीचा नसून नेत्रिकेच्या निवडीचा असतो.

वर्धनाचे गणित : ज्या काढत्या-घालत्या भिंगास डोळा लावावयाचा, ती नेत्रिका. मुख्य भिंगाच्या नाभीय अंतरास नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले असता वर्धन मिळते. समजा, मुख्य भिंगाचा व्यास ७० मि.मी. व नाभीय अंतर ७०० मि.मी. आहे. मग २५ मि.मी.ची नेत्रिका २८ पट, १० मि.मी.ची ७० पट व ४ मि.मी.ची १७५ पट वर्धन देईल. हा भागाकार मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा.

वर्धनाची मर्यादा : व्यास जितके मि.मी., त्याच्या दुपटीपलीकडे वर्धन नेऊ नये. येथे ही मर्यादा १४० पट होय. लोण्याचा तोच गोळा मोठ्या भाकरीवर पसरला तर थर पातळ होतो. तसाच तोच प्रकाश मोठ्या प्रतिमेत पसरून ती फिकी होते, आणि हवेची थरथरही वाढून दिसते.

खरेदीचा क्रम :

(१) प्रथम २५ मि.मी.ची प्लॉसल जातीची नेत्रिका घ्यावी. तिच्यातून कृत्तिका व गुरूचे चार चंद्र दिसतात. गॅलिलिओने १६१० साली हे चंद्र पाहिले, तेही सुमारे २० पट वर्धनाच्या दुर्बिणीने. पृथ्वीच्या परिवलनामुळे ग्रह सरकत राहतो. या नेत्रिकेत तो सुमारे ७ मिनिटे टिकतो, म्हणून रांगेतील अनेक मुलांस पाहता येतो. ७० पटीत तो ३ मिनिटांच्या आतच निसटतो.

(२) नंतर चंद्रावरील विवरे व शनीचे कडे यांसाठी १० मि.मी.ची नेत्रिका घ्यावी.

(३) पैसे उरल्यास वर्धन दुप्पट करणारे बार्लो भिंग घ्यावे. त्यायोगे दोन नेत्रिकांतून २८, ५६, ७० व १४० अशी चार वर्धने मिळतात. ४ मि.मी.ची नेत्रिका घेऊ नये.

मागणी नोंदविण्यापूर्वी नेत्रिका बसविण्याच्या नळीचे तोंड मोजावे. ते सामान्यतः ३१.७ मि.मी. असते, काही लहान दुर्बिणींत २४.५ मि.मी. आढळते.

धोक्याची सूचना : नेत्रिकेवर बसविण्याची काळी ‘सूर्यकाच’ पेटीत मिळाल्यास ती त्वरित नष्ट करावी. उष्णतेने ती तडकते व क्षणात दृष्टी जाऊ शकते. दुर्बीण सूर्याकडे कदापि रोखू नये. दिवसा ती कुलपात ठेवावी.