कासवाचे घर नकाशावर

भूगोलाच्या तासाला तुम्ही नकाशा भरता. समुद्र निळा रंगवता, डोंगर तपकिरी. उर्दूतील 'नक्शा' आणि मराठीतील 'नकाशा' हा मुळात एकच शब्द, म्हणून तो तुम्हांला परका नाही. पण नकाशा एखाद्या मुक्या प्राण्याची बाजू मांडू शकतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. हे नाना फडणवीसांचे गाव. (फडणवीस हा शब्दही मूळचा फारसी 'फर्दनवीस', म्हणजे नोंदी लिहिणारा.) येथील किनाऱ्यावर हिवाळ्यातील रात्री ऑलिव्ह रिडले कासवाची मादी पाण्याबाहेर येते. वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. अंधारात समुद्राचे क्षितिज उजळ दिसते. त्या उजेडाकडे ती धावतात.

आता असे समजा, की जून महिन्यात एक गृहस्थ हॉटेलसाठी जागा शोधत अशा किनाऱ्यावर आले. त्यांना काय दिसेल? नुसती वाळू! 'ही जागा रिकामी आहे', असे ते म्हणतील आणि त्यात खोटे काहीच नसेल. मग तेथे भिंत उभी राहील, दिवे लागतील. पुढच्या हिवाळ्यात मादी येईल, तेव्हा तिची वाट दगडांनी अडलेली असेल. पिल्ले निघालीच, तर ती समुद्राऐवजी दिव्यांकडे जातील आणि सकाळच्या उन्हात तडफडून मरतील. कासव वर्षातील थोडेच दिवस किनाऱ्यावर असते. भिंत मात्र बारा महिने असते. कासव नसतानाही त्याची जागा कोणीतरी दाखवली पाहिजे. ते काम नकाशा करतो.

वेळासला पूर्वी ही अंडी चोरीला जात, कुत्री आणि कोल्हेही ती खात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने अंड्यांचे संरक्षण सुरू केले. कासवमित्र पहाटे किनारा पायी फिरतात. वाळूवर मादीच्या सरपटण्याचा माग दिसला, की घरटे शोधतात आणि अंडी उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात. येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. अंडी कुंपणात नेल्यावर केवळ कुंपणाचीच नोंद केली, तर नकाशावर एकच ठिपका पडेल आणि उरलेला सारा किनारा पुन्हा 'रिकामा' दिसेल! म्हणून मादीने जेथे खड्डा केला होता, त्याच जागेचे अक्षांश-रेखांश जीपीएस यंत्राने टिपावे लागतात. वर्षानुवर्षे असे ठिपके जमत गेले, म्हणजे कासवांना किनाऱ्याचा कोणता भाग आवडतो ते उघड होते.

नकाशाचे प्रमाणही महत्त्वाचे असते. थोडे गणित करू. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील २५० मीटर. अशा नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ ओढली, तर त्या रेघेखालीच साडेबारा मीटर जमीन झाकली जाते. एवढ्या जागेत घरटे सहज हरवेल! १:४,००० प्रमाणात तीच रेघ फक्त २ मीटर जमीन झाकते.

संगणकावर असे अनेक नकाशे ट्रेसिंग पेपरसारखे एकमेकांवर ठेवता येतात. एका थरावर घरट्यांचे ठिपके, दुसऱ्यावर भरतीची रेषा, तिसऱ्यावर रस्ते आणि दिवे, चौथ्यावर नियोजित जेटी किंवा धूपप्रतिबंधक बंधारा. बंधारा ठिपक्यांवरून जात असेल, तर पहिला दगड पडण्यापूर्वीच ते कळते. बंधारा पाडण्यापेक्षा कागदावरची रेघ खोडणे किती सोपे!

किनाऱ्यावरील बांधकामांसाठी भारत सरकारने १९९१ साली नियम केले. २०११ आणि २०१९ साली ते नव्याने काढले गेले. लोक त्यांना 'सीआरझेड' म्हणतात. कासवांच्या विणीच्या जागा त्यांत अतिसंवेदनशील क्षेत्रात मोडतात. परंतु अधिकारी निर्णय घेतात तो नकाशा समोर ठेवून. आराखडा कायम होण्यापूर्वी त्याचा मसुदा लोकांसमोर ठेवून हरकती मागवतात, जनसुनावणी होते. नोंदवही जपलेला गावकरी तेथे उभा राहून 'साहेब, येथे घरटी आहेत, ती दाखवा', असे म्हणू शकतो. ज्याच्याजवळ नोंद नाही, त्याला नुसतेच सांगावे लागते. मला विचाराल, तर यंत्रापेक्षा रोज पहाटे उठून लिहिणारा तो माणूस मोठा.

किनाऱ्यापलीकडचा नकाशाही आता तयार होत आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर संदेश पाठवणारे छोटे यंत्र बसवले. तिचे नाव 'प्रथमा' ठेवले. ती श्वास घेण्यासाठी पाण्यावर आली, की यंत्र उपग्रहाला तिचा ठावठिकाणा कळवी. २०२३ साली गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' तर कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेपर्यंत गेली.

तुमच्या नकाशावहीत वेळास कदाचित सापडणार नाही. सावित्री नदी अरबी समुद्राला मिळते, तेथे बोट ठेवा. बोट थोडेसे दक्षिणेकडे सरकवा आणि पेन्सिलीने एक बारीक ठिपका काढा.