शाळेची मुलं प्रदर्शनाला येतात तेव्हा

कलामहाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात शाळकरी मुलांसाठी हस्तकलेचं टेबल मांडायचं ठरलं, की बोलणं लगेच सामानावर येतं. कार्डशीट किती लागेल, फेविकॉल कोण आणणार, कात्र्या पुरतील का. माझ्या मते त्याआधी एकच गोष्ट ठरवावी : मूल परतीच्या बसमध्ये चढेल तेव्हा त्याच्या हातात काय असेल, आणि ते घरापर्यंत टिकेल का.

आमच्याकडे एका वर्षी शाडूची माती ठेवली होती. मुलं अशी रमली की उठायला तयार नव्हती. पण शाडू सावकाश वाळवावा लागतो. घाईनं उन्हात ठेवला तर तडकतो. निघायची वेळ झाली तेव्हा ओले हत्ती, ओले बैल वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिले. फाटकापर्यंत पोचेतो सोंडा गळाल्या. एक मुलगी तुटलेली सोंड मुठीत धरून रडतच बसमध्ये चढली. त्यात टेबल दारातच होतं, त्यामुळे बरीच मुलं पुढे सरकलीच नाहीत. वर्षभर राबलेले विद्यार्थी आपापल्या चित्रांपाशी वाट बघत उभे होते आणि शाळा ती चित्रं न बघताच परत गेली. मातीपेक्षा मला याचं जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून मी ठसेकामाचा आग्रह धरते. भेंडीचं देठाकडचं टोक कापलं की पाकळ्यांचं फूल तयारच असतं. बटाटा मात्र पाणी सोडतो, म्हणून आधी कापून जुन्या सुती कापडावर पालथा घालून ठेवावा. कापायचं काम मोठ्यांनीच करावं. पोस्टर कलर वाटीत देऊ नका. ताटलीतल्या ओलसर स्पंजवर पातळ पसरा. रंग कमी लागतो आणि ठसा लवकर सुकतो. लिनोकटची (लिनोलियम कोरून केलेल्या छापचित्रांची) तेली शाई इथे नको, ती सुकायला दिवस जातात. प्रत्येक मुलाला दोन कागद द्या : एक घरी न्यायला, एक आमच्या दोरीवर चिमट्यानं लावायला.

ठसेकाम निवडण्याचं खरं कारण आणखी वेगळं आहे. थोड्या मोठ्या मुलांना जाड पुठ्ठ्याचं अक्षर कापून दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवू द्या. ‘क’ सरळ चिकटवला की कागदावर उलटा उमटतो. मूल चमकतं, कागद फिरवून बघतं, मग कुणी न सांगता पुठ्ठ्यावर अक्षर उलटं लावतं. त्याच क्षणी त्याला आतल्या लिनोकटपाशी न्यावं. मघाशी ज्या चित्रावरून नजर घसरली होती, तिथे आता ते थांबतं आणि ‘ताई, हे पण उलटं कापलं का?’ असं विचारतं. अशा वेळी मी चित्रकार चित्तप्रसादांबद्दल सांगते : मुंबईत राहून त्यांनी मजुरी करणाऱ्या मुलांची चित्रं लिनोत कोरली. मुलं अगदी गप्प होऊन ऐकतात. म्हणून क्रम असा ठेवा : आधी दालनातून एक फेरी, मग टेबल, मग पुन्हा चित्रं.

टेबलावर तयार नमुना ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती. नमुना दिसला की सगळी मुलं तोच उतरवतात, आणि सोबतच्या बाईही ‘तसंच कर’ म्हणू लागतात. आपल्या विद्यार्थ्यांनाही आधी बसवून सांगावं लागतं. मुलाचं वाकडं फूल त्याच्या हातातून घेऊन सरळ करणारा दादा मनानं चांगलाच असतो. पण मग ते फूल मुलाचं राहत नाही.

वेळापत्रकात मोकळी जागा सोडा. बस उशिरा येते, आणि दोन शाळा एकदम आल्या की कुणालाच धड काही मिळत नाही. एका वेळी एकच वर्ग टेबलावर, दुसरा दालनात. हात धुवायचा नळ लांब असेल तर बादली, मग आणि जुने पंचे जवळ ठेवा. शाळेला आठवडाभर आधी पत्र पाठवून मुलांचं वय, संख्या, कुणाला ऐकण्या-बघण्याची किंवा बसण्याची अडचण आहे का, आणि डबा कुठे खाणार, हे विचारून घ्या. गणवेशावर घालायला घरचा जुना शर्ट आणायलाही त्याच पत्रात सांगा, कारण शाळेत बहुतेकांकडे गणवेशाचा दुसरा जोड नसतो.